आधी खोदा, मग भांडा

“एवढ्या लांब अमेरिकेला गेलीस आणि जावयाने तुला गंजकी भट्टी दाखवायला नेलं?”

माईंनी माझ्या फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. शेवग्याच्या शेंगा द्यायला म्हणून त्या भिंतीपाशी आल्या होत्या. शेंगा राहिल्या भिंतीवर आणि चष्मा आला नाकावर. फोटोत मागे सिऍटलच्या उंच इमारती, मधे लेक युनियनचं निळंशार पाणी, आणि पुढ्यात काळे-तांबडे पडलेले लोखंडी मनोरे.

“भट्टी नाही हो माई, बाग आहे. गॅस वर्क्स पार्क. तिथल्या टेकडीवर पोरं पतंग उडवतात, चार जुलैला आतषबाजी बघायला अख्खं गाव लोटतं.”

“गॅसची बाग? आमच्या लालबागला गॅस कंपनी लेन आहे, पण तिथे कुणी सहल काढल्याचं काही ऐकलं नाही मी.”

माईंचं माहेर लालबागचं. म्हणून त्यांना सांगणं सोपं गेलं. मुंबईच्या रस्त्यांवर १८६०च्या दशकात दिवे लागले ते याच गॅसवर. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवायचा, निघालेला गॅस धुऊन-गाळून घ्यायचा आणि नळांनी गावभर खेळवायचा. भट्टीत उरतो कोक. पण गॅस धुताना जे खाली बसतं ते भयंकर: डांबर, बेंझिन, नॅफ्थलीन.

“नॅफ्थलीन म्हणजे आपल्या डांबराच्या गोळ्या!” माई म्हणाल्या. “ट्रंकेत ठेवतो त्या.”

“त्याच. फक्त तिथे ट्रंकेऐवजी तळ्याचा काठ होता.”

सिऍटलचा हा कारखाना १९०६ ते १९५६ चालला. १९३७ पर्यंत कोळशावर, मग तेलावर. पुढे नैसर्गिक वायूची पाइपलाइन गावात आली आणि भट्ट्या विझल्या. शेजारीच एक डांबर कंपनी होती, ती गॅस कंपनीचं डांबर घेऊन उकळायची. साठच्या दशकात महापालिकेने ती जागा बागेसाठी विकत घेतली. सगळ्यांना वाटलं, मनोरे पाडून हिरवळ करतील. रिचर्ड हॅग नावाच्या उद्यानरचनाकाराने मात्र हट्ट धरला की मनोरे राहू द्या, हाच या जागेचा इतिहास. मातीचं काय करायचं? त्याने तिच्यात सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळला, म्हणजे मातीतले जिवाणू माजतील आणि तेल खातील.

“म्हणजे किडे सोडले.”

“सोडले नाहीत, होते त्यांनाच जेवू घातलं.”

माईंना हे फार आवडलं. १९७५ साली बाग उघडली, तिची जगभर वाहवा झाली. आणि १९८४ साली मातीची तपासणी झाल्यावर महापौरांनी तीच बाग काही महिने बंद ठेवली. जिवाणूंनी वरवरचं खाल्लं होतं, खोलवरचं तसंच होतं.

“आणि आता? आता गं सुरक्षित आहे ना? तू नातीला घेऊन गेलीस तिथे!”

“हिरवळीवर काही नाही. वर स्वच्छ मातीचा थर दिलाय. पण पाण्यात पाय घालायची बंदी आहे, काठावर तशी पाटी आहे. नातीने सँडल काढलेसुद्धा होते, लेकीने दंडाला धरून मागे ओढलं. एवढा उन्हाळा, समोर एवढं पाणी, आणि एक पोर पाण्यात नाही. उन्हं तापली की अजूनही कुठेकुठे जमिनीतून काळं डांबर वर येतं. सापडलं की खणून काढतात.”

माईंनी शेंगांची जुडी सारखी केली. हे त्यांचं ‘आता मुद्द्यावर ये’ असतं.

“मग कंपनीला धरायचं. सोपं आहे.”

“कुठल्या कंपनीला? जुनी गॅस लाइट कंपनी नाव बदलत, विलीन होत वॉशिंग्टन नॅचरल गॅस झाली. ती १९९७ साली वीज कंपनीत विलीन होऊन पुजेट साउंड एनर्जी झाली. डांबरवाले केव्हाच गेले. आणि जमीन आता आहे महापालिकेची.”

“म्हणजे जेवणारे उठून गेले आणि उष्टी काढायला वारस उरले.”

अगदी हेच. आणि वारसांचं पहिलं वाक्य सगळीकडे एकच असतं, आधी सिद्ध करा की हे आमचं आहे. सिद्ध करायचं तर तळ्याचा तळ तपासायला हवा. तळ तपासायचा तर खर्च. आणि खर्च करणारा म्हणजे दोष कबूल करणारा, अशी समजूत. इथेच सगळं अडतं. सफाईचं भांडण पुढचं, त्याच्या आधी तपासाचं भांडण असतं आणि ते जास्त चिवट असतं.

हे मी म्हटलं मात्र, माईंचा चेहरा उजळला. “आमच्या धाकटीचं बाथरूम!”

धाकटी म्हणजे माईंची बहीण, डोंबिवलीला असते. तिच्या बाथरूमच्या छतातून ठिबकतंय. छताला पिवळा डाग पडला, मग पोपडे आले, मग एके दिवशी प्लास्टरचा तुकडा गीझरवर आदळला. ती म्हणते, वरच्यांच्या मोरीतून येतंय. वरचे म्हणतात, बाहेरच्या भिंतीतला पाइप फुटलाय, तो सोसायटीचा. सेक्रेटरी म्हणतात, गच्चीची गळती असती तर सोसायटीने बघितली असती, बाथरूमची गळती ही तुम्हा दोघांची आपसातली बाब. प्लंबर येऊन सांगून गेला की वरची फरशी फोडून रंगीत पाणी सोडल्याशिवाय कळणार नाही. आता फरशी फोडायचे पैसे कोणी द्यायचे? वरच्यांनी दिले तर त्यांनी मानल्यासारखं. धाकटीने दिले तर ती मूर्ख ठरणार. खाली बादली लावलेली आहे, ती भरते, ओततात, परत लावतात.

“मग तिकडे काय केलं? तेही बादलीच लावून बसले असतील.”

बसले असते. पण तिथे कायदा आडवा आला. वॉशिंग्टन राज्यात १९८८ साली लोकांनी थेट मतदान करून मॉडेल टॉक्सिक्स कंट्रोल ॲक्ट मंजूर केला.

“लोकांनीच? आमदार काय करत होते?”

“ते तिथे आहे तसं. लोक पुरेशा सह्या गोळा करून कायदाच मतदानाला ठेवू शकतात.” मग मी माईंना त्यातली मेख सांगितली. आजचा मालक, तेव्हाचा मालक, कारखाना चालवणारा, घाण आणून टाकणारा, सगळे एका दावणीला. निष्काळजीपणा केला की नाही, हा प्रश्नच येत नाही. आणि राज्य सरकारने यांतल्या कुणाही एकाला पकडून पूर्ण खर्च मागितला तर त्याला ‘माझा वाटा एवढाच’ असं म्हणून सुटता येत नाही. दुसऱ्याकडून वसूल करायचं असेल तर ते त्याचं त्याने बघावं.

“म्हणजे वरचा आणि खालचा, दोघांच्या मानेवर एकच सुरी.”

“म्हणूनच दोघं एका टेबलाशी आले.” बागेच्या जमिनीसाठी १९९९ साली महापालिका, पुजेट साउंड एनर्जी आणि राज्याचं पर्यावरण खातं यांच्यात कोर्टामार्फत समझोता झाला. तळ्यातल्या गाळासाठी २००५ साली वेगळा करार झाला, म्हणजे खात्याचा आदेश, पण दोघांनी मान्य करून सही केलेला. त्यात ठरलं ते एवढंच, की तपास दोघं मिळून करणार आणि खातं देखरेख ठेवणार. त्या सहीने कुणी सुटत नाही. पुढे खटला भरायचा सरकारचा हक्क शाबूत असतो. आपसात कोण किती देणार, त्यात सरकार पडतच नाही.

मला यातलं हेच शहाणपणाचं वाटतं. दोष ठरवायला थांबले नाहीत. तळ्यात नळ्या घुसवून गाळाच्या उभ्या कांड्या काढल्या, प्रयोगशाळेत पाठवल्या, कुठल्या खोलीवर काय आहे ते बघितलं. काम किचकट. हे डांबर पाण्याहून जड, ते तळाशी जाऊन मिळेल त्या वाटेने आणखी खाली उतरतं. त्यात लेक युनियनला बोटींचे कारखाने आहेत, रस्त्यांवरचं पावसाचं पाणी तिथेच येतं, आणि गाड्यांच्या धुरातही त्याच जातीची रसायनं असतात. कुठला थेंब भट्टीचा आणि कुठला रस्त्यावरचा, हे नुसत्या वासावरून कोण सांगणार?

माई हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या. मग त्यांनी नेमकं बोट ठेवलं.

“पण ज्यांनी घाण केली त्यांनीच तपासायचं? ही तर चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली.”

मी लेकीचा कैवार घेतल्यासारखी त्या शहराची बाजू मांडायला लागले. कुठे किती नमुने घ्यायचे ते खातं मंजूर करतं, प्रयोगशाळा मान्यताप्राप्त असते, महत्त्वाचे टप्पे लोकांपुढे हरकतींसाठी ठेवतात. खेळाच्या जागेखालचं आर्सेनिक लपून राहिलं नाही, ते याचमुळे. भट्टीच्या गॅसमधला गंधक काढायला तिथे थायलॉक्स नावाची पद्धत वापरायचे, तिच्यात आर्सेनिक लागतं. ते नेमकं मुलांच्या खेळघराच्या बाजूला मुरलेलं निघालं. मग खेळाची जागा नव्याने करताना तिथलीही सफाई करावी लागली.

“ते ठीक. पण करार कधीचा म्हणालीस?”

“२००५.”

“आणि तळ्याचा तळ साफ कधी झाला?”

इथे मला तोंड उघडता येईना. २०२३ साल उजाडलं तरी गाळ तळाशीच होता. अहवाल, अहवालावर शेरे, शेऱ्यांवर दुरुस्त्या. ज्याच्या खिशातून सफाईचे पैसे जाणार आहेत त्याला तपास लांबला तर वाईट वाटत नाही. माईंना हे कुणी शिकवलेलं नाही, बादलीने शिकवलं.

“आणि पैसे तरी खरंच त्यांच्या खिशातून जातात का गं?”

जात नाहीत, पूर्ण तर नाहीतच. गॅस कंपनी असल्या सफाईचा खर्च नियामकाच्या परवानगीने ग्राहकांच्या दरात धरते. महापालिकेचे पैसे म्हणजे करदात्यांचे. शिवाय घातक पदार्थांवर राज्याचा कर आहे, त्यातून पालिकांना सफाईसाठी अनुदान मिळतं. म्हणजे १९०६ साली कुणाच्या तरी दिवाणखान्यात जळलेल्या दिव्याचं बिल आज माझी लेक भरते आहे.

“आणि वर पाण्यात पाय घालायचा नाही,” माई म्हणाल्या.

त्याच शहराच्या दक्षिणेला डुवामिश नदीवर असाच एक किस्सा आहे, तो जरा बऱ्या शेवटाचा. तिथल्या डांबराच्या कारखान्यात महापालिकेच्या वीज खात्याचं जुनं तेल जळायला यायचं, त्यात पीसीबी हे विषारी रसायन. विष मातीत गेलं, शेजारच्या वस्तीच्या रस्त्यांवर गेलं. पुढे जमीन घेतली बंदर प्राधिकरणाने. तेल देणारा एक, जागा घेणारा दुसरा, आणि दोघं सरकारी. दोघांनी मिळून निस्तरलं, २०२२ साली तिथे नदीकाठी लोकांसाठी बाग झाली.

“आणि आपल्याकडे?” माई विचारणारच होत्या. आपल्याकडे राजस्थानातल्या बिछडी गावाचं उदाहरण आहे. रसायनांच्या कारखान्यांनी विहिरी लाल केल्या. ज्याने घाण केली त्यानेच भरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट सांगितलं. कंपनी अर्जावर अर्ज करत राहिली, शेवटी २०११ साली न्यायालयाने चक्रवाढ व्याजासकट भरायला लावलं. निकाल उत्तम, पण विहिरींनी तेवढा वेळ काय करायचं? आता २०२५च्या जुलैत केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढलेत. जागा हुडकायची, जबाबदार कोण ते ठरवायचं, त्याच्याकडून वसुली करायची, असा क्रम त्यात घातला आहे. नियम कागदावर चांगले आहेत. राज्याची प्रदूषण मंडळं ते किती नेटाने चालवतात त्यावर सगळं.

माईंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. फोन माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या आणि स्वतःचा फोन कानाला लावून बाहेर आल्या. समोर धाकटी असणार.

“हे बघ, कोण चुकलं ते बाजूला ठेव. कागदावर लिहा, की फरशी फोडायचे पैसे निम्मे निम्मे, पैसे दिले म्हणजे कबुली दिली असं नाही. प्लंबर वरच्यांचाही नको, तुझाही नको, सेक्रेटरींनी आणलेला. ते उभे राहतील देखरेखीला. गळती कुणाची निघाली की त्याप्रमाणे हिशोब फिरवा... हो, हो, अमेरिकेत असंच करतात. आणि ऐक, खाली तारीख घाल. पंधरा दिवसांत फोडलं नाही तर सोसायटी फोडणार आणि पूर्ण बिल दोघांच्या मेंटेनन्सला लावणार. तारीख नसेल तर सहीच करू नकोस.”

वरच्यांनी निम्म्याला होकार दिला आहे. तारखेवरून अजून घासाघीस चालू आहे.