ड्राईव्हवाला

ड्राईव्हवाला म्हणजे मोटरीचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचे, म्हणजेच ड्राईव्हचे, पॅरामीटर ज्याला येतात, किंवा येतात असा ज्याच्याबद्दल तालुकाभर समज आहे, असा इसम. कन्नड तालुक्यात ऊसही पिकतो आणि कापूसही. त्यामुळे हा इसम साखर कारखान्यातही आढळतो आणि जिनिंगमध्येही. दिवाळीच्या आगेमागे दोन्हीकडचे हंगाम सुरू होतात आणि त्याचा फोन लागेनासा होतो. वाळूज एमआयडीसीतून आला तर तो ‘साहेब’, गावातलाच असला तर ‘भाऊ’. सेटिंग दोघांचे सारखेच. साहेबाच्या चहाला बशी मिळते, एवढाच फरक.

आल्याबरोबर तो विचारतो, “आधी कोणी हात लावला होता?” “कोणीच नाही,” हे उत्तर ठरलेले. मग तो बदललेले पॅरामीटर न बोलता पुन्हा जागेवर आणतो.

पहिले काम मोटरीची नेमप्लेट पुसण्याचे. तिच्यावरचे व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ आणि फेरे जसेच्या तसे ड्राईव्हमध्ये भरायचे. 415 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची मोटर असेल तर हर्ट्झमागे 8.3 व्होल्ट पडतात. वेग उतरवला की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरले पाहिजे. नाही तर करंट वाढतो आणि मोटर तापते. अगदी कमी वेगाला जोर अपुरा पडतो, तेवढ्यापुरता टॉर्क बूस्ट द्यायचा. ‘बूस्ट’ ऐकले की मालक “अजून थोडा द्या” म्हणतात. ड्राईव्हवाला मान डोलावतो आणि आकडा आहे तिथेच ठेवतो.

त्याची खरी विद्या मात्र मोटर थांबवण्यात आहे. थांबताना ड्राईव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप झाला की मालक महावितरणच्या नावाने बोटे मोडतात. “यात त्यांचा हात नाही, शेठ,” असे सांगून महावितरणला निर्दोष सोडणारा जिल्ह्यातला हा बहुधा एकमेव माणूस. 415 व्होल्टचा एसी पुरवठा ड्राईव्हच्या आत साधारण 585 व्होल्ट डीसी होतो. साखरेच्या सेंट्रिफ्यूगलची मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्यांनी फिरणारी बास्केट झटकन थांबवायला गेले, की मोटर जनरेटर बनते आणि वीज उलटी डीसी बसमध्ये शिरते. तिथला आकडा 800 च्या आसपास गेला की ड्राईव्ह मोटरीचा हात सोडतो. भरला ट्रक औट्रम घाट उतरताना न्यूट्रल करावा, तसला हा प्रकार.

उपाय तीन. पहिला, थांबण्याचा वेळ वाढवणे. याला पैसे पडत नाहीत, म्हणून यावर कोणाचा विश्वास बसत नाही. दुसरा, ओव्हरव्होल्टेज कंट्रोल चालू करणे. मग ड्राईव्ह स्वतःच थांबणे लांबवतो आणि शिफ्टचा सुपरवायझर घड्याळ दाखवतो. तिसरा, ब्रेकिंग चॉपर आणि रेझिस्टर. उलटी आलेली वीज त्यात उष्णता होऊन जाते. “एवढे पैसे मोजून नुसतं गरमच होतं?” हा प्रश्न बिलाबरोबर येतो. रेझिस्टरचे ओहम पुस्तकातल्या किमान आकड्याखाली गेले तर चॉपर जळतो. वॅट किती, हे मोटर किती वेळा थांबवायची त्यावर ठरते. जोडण्याआधी मेन बंद करून कपॅसिटर उतरेपर्यंत थांबावे लागते. निदान पाच मिनिटे. चहा तेव्हाच होतो.

रेझिस्टर बसवूनही ड्राईव्ह रमतगमत थांबला, तर ओव्हरव्होल्टेज कंट्रोल बंद करायचा राहिला आहे असे समजावे. तो बंद करताना ड्राईव्हवाला कीपॅडकडे तोंड आणि मंडळींकडे पाठ करतो.

जिनिंगच्या पंख्याला यातले काहीच लागत नाही. त्याला आपोआप थांबू द्यावे. घाई पंख्याला नसते. थांबता थांबता शेवटी दिलेला डीसी ब्रेक मोटर क्षणभर धरून ठेवतो, पण क्रेनवर मेकॅनिकल ब्रेकची जागा घेऊ शकत नाही. कोणी तसे करायला सांगितले तर ड्राईव्हवाला थट्टा करत नाही, सरळ नकार देतो.

सगळे जमले की सेटिंगचा कागद पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवावा, असा नियम आहे. ड्राईव्हवाला आकड्यांचे फोटो काढतो आणि फोन खिशात ठेवतो. कागद चिकटवला तर पुढच्या हंगामात त्याला बोलावणार कोण?