शक्तिमानच्या हाती पिस्तूल द्या!

किन्हीराजातल्या चहाच्या टपरीवर ठराव पास झाला: शक्तिमाननं किल्विषला पहिल्याच भागात ठोकायला पाहिजे होतं. "उगाच गरगर फिरत रायला बावा!" आता, 1997 पासून 'शक्तिमान' ही मालिका दूरदर्शनवर काही वर्षं चालली ती खलनायक जिवंत होता म्हणूनच, पण टपरीवर निर्मात्याची बाजू मांडणार कोण?

पुढचा ठराव 'सिंघम'च्या अभिनंदनाचा, कट चहासह. 2023 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी याच सिनेमावर बोट ठेवलं होतं: एकटा पोलीसच न्याय करणार, हा संदेश घातक आहे. न्यायमूर्तींचं काय, ते बोलणारच! पुढच्याच वर्षी बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरील अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि मुंबईत 'बदला पुरा'चे फलक झळकले. खटल्याआधीच निकाल, वर पेढे.

ठराव मांडणाऱ्या गड्याचा धुऱ्याचा दावा मात्र कोर्टात तारखा खातोय. "बोलवायचा का शक्तिमान, तुमच्या बांधावर?" म्हटलं, तर कप खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, पयले माही बाजू तं ऐका!"

मग किल्विषलाही एक वकील द्या की.