बसतंय की!

आमचं कॉलेज आणि शेजारची शाळा यांच्यात एकच भिंत. तिलाही पोरांनी एका जागी खिंडार पाडलेलं. तरी शाळेच्या गॅदरिंगला आमच्या डान्स ग्रुपला बोलावणं आलं, तेव्हा त्यानं 'छोटा हत्ती' सांगितला.

"अरे, चाळीस पावलं आहेत!"

"सर, नऊवारीतल्या पोरी चालत गेल्या तर एंट्री काय राहिली?"

हा 'तो' कोण, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही कॉलेजात विचारा, बोट दाखवतील. नाचणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव नसतं, प्रमाणपत्रावर नसतं, फोटोत फार तर कोपर येतं. तिसऱ्या वर्षाला तो किती वर्षं आहे, हे विचारायचं नसतं. कमरेला पाऊच. त्यात पिना, सुई, काळा दोरा, घसा बसलेल्यांसाठी लवंगा आणि तीन पेनड्राइव्ह. तिन्हींत एकच गाणं.

"तिसरापण अडकला तर?"

"मग मी तोंडानं म्हणतो की."

आणि सगळ्या अडचणींवर त्याचं एकच औषध : "बसतंय की!" चोळी दंडात अडकली, बसतंय की. फेटा कानावरून खाली आला, बसतंय की. आत वर्तमानपत्राची घडी सारायची. छोट्या हत्तीत दहा नाचणारे, दोन ढोल, कोळ्यांची होडी आणि सांस्कृतिक विभागप्रमुख म्हणून मी. बसलो की.

आमची लोकधारा खरं तर शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी बसवलेली. वासुदेव, कोळी, जोगवा, धनगर, अख्खा महाराष्ट्र दहा मिनिटांत. गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी शाळेतून निरोप आला : पाहुण्यांचं भाषण आहे, पाचवीचे दोन नाच आहेत, तुम्हाला चार मिनिटं. मी हबकलो. त्यानं रात्रीत मोबाइलवरच गाणं कापलं. सकाळी तालमीत कोळ्यांनी जाळं टाकलं आणि मासा लागायच्या आत धनगर आले.

"मी नाही करत असलं," कोळीण तणतणली, "मी पडतो मग!" (आमच्याकडच्या पोरी 'येतो-जातो'च म्हणतात. पुण्याहून आलेला पाहुणा पहिल्या दिवशी मुलगी कोण नि मुलगा कोण शोधत बसतो.)

"पडली तर वल्हं मारत ऊठ. लोकांना वाटतंय लाट आली."

बाकी सगळ्यात तडजोड चालते, गजनृत्यात नाही. दरसाल पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला हा जातो आणि भंडाऱ्यानं डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन परततो. तो शर्ट धूत नाही. पोरांच्या हातातला रुमाल जरा चुकीचा फिरला की तो शर्ट पुढं धरून सांगतो, "हितनं बघा, धनगर कसा फिरवतोय." शर्टावरून काय दिसतं देवाला ठाऊक, पण पोरं बघतात.

"आपण केशवरावला केलंय" हे त्याचं दुसरं पालुपद. केलंय म्हणजे पडदा ओढलाय. 2024 च्या ऑगस्टमध्ये, केशवराव भोसलेंच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधलेलं ते पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी खासबागेच्या बाजूला गर्दीत तो मला दिसला होता. पाऊच कमरेलाच होता. त्या दिवशी त्याला मी काही विचारलं नाही, आणि त्यानंही 'बसतंय की' म्हटलं नाही.

तर गॅदरिंग. मुख्याध्यापिकाबाईंनी स्टेजवर भंडारा उधळायला मनाई केली. पुढच्या नाचाच्या मुली पांढऱ्या फ्रॉकात होत्या. मला बरंच वाटलं. त्याला वाटलं नाही, पण बाईंपुढं मान डोलावली आणि पोरांना फर्मान सोडलं, "मोकळी मूठ उधळायची. जोरात. लोकांना पिवळं दिसतंय."

पहिला पेनड्राइव्ह लागला नाही. दुसरा लागला, त्यातून दहा मिनिटांचंच गाणं सुरू झालं. तिसरा साउंडवाल्याला मिळेपर्यंत स्टेजवर वासुदेव गोल गोल फिरत होता, आणि खालून हा खरोखरच तोंडानं म्हणत होता. मग जमलं.

मी मात्र स्टेज फारसं पाहिलंच नाही. पहिल्या रांगेपुढं मोकळ्या जागेत उभा राहून हा सगळ्यांच्या सगळ्या स्टेप्स करत होता. उलट्या, आरशातल्यासारख्या; म्हणजे वरच्यांना सोप्या. कोळीण विसरली की तो कोळीण, वासुदेव चुकला की वासुदेव. पाठीमागून पालक ओरडत होते, "ओ दादा, खाली बसा की! पोरगी दिसंना आमची!" त्यांची पोरगी अजून नाचायचीच होती, पण आधीपासून दिसायला हवी. सतरंजीवरची पहिलीतली पोरं स्टेजकडं बघतच नव्हती. एकानं त्याच्यासारखा रुमाल फिरवला, नाक पुसायचा. मग शेजारच्यानं. धनगर आले तोवर दोन रांगा उभ्या, रिकाम्या मुठी उधळत होत्या. पाहुण्यांनी टाळ्या नेमक्या कोणत्या दिशेला वाजवल्या, हे सांगता येणार नाही.

नंतर वर्गात बटाटेवडे आणि चहा. वडे मोजून दहा आले. वासुदेवानं आपल्यातला अर्धा त्याच्या तोंडात कोंबला, कारण त्याचे हात रिकामे नव्हते. साड्या उद्या सकाळी दुकानात परत जायच्या होत्या. तो पोरींच्या खांद्याच्या, निऱ्यांच्या पिना काढून तळहातावर मांडत होता.

"चाळीस दिलेल्या. अडतीस आल्या. कोण गं?"

कोणी बोलेना. कोळीण तर खिंडारातनं केव्हाच पळाली होती, होडी तिथंच टाकून.

"सर," तो होडीचं एक टोक उचलत म्हणाला, "तुम्ही मागनं धरा. छोटा हत्ती गेला परत, दुसरं भाडं हाय त्याला."

खिंडार होतं दोन हात रुंद. होडी चांगली चार हात. मी तोंड उघडायच्या आतच तो पुढून ओरडला.