सुभेदारांची काच

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत निवृत्त फौजी शोधावा लागत नाही. टपरीवर ताठ पाठीनं बसलेला आणि एसटी उशिरा आली तर घड्याळाकडे न बघता ड्रायव्हरकडे बघणारा माणूस दिसला की समजून घ्यावं. महाड तालुक्यातल्या एका गावाचं नावच फौजी आंबवडे आहे. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या घरांतून माणसं पलटणीत जात आली आहेत. फौजी परत येताना काही ना काही घेऊन येतो. कुणी रमची आवड, कुणी ठसठशीत हिंदी शिव्या, कुणी पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेली काळी पत्र्याची पेटी. आमच्या पोलादपूरच्या सुभेदारांनी हे तिन्ही आणलं आणि वर एक बर्फातला गॉगल आणला.

हा गॉगल सरकारी नव्हे, हे ते आपण विचारायच्या आधीच सांगतात. "इश्यू झालेला जमा केला. सही आहे माझी. हा लेहच्या बाजारातला, माझ्या पगारातला." मग पावती निघते. पावतीवरची शाई कधीच उडून गेली आहे, पण तो कोरा कागदही प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

पोलादपुरात बर्फ दोनच ठिकाणी भेटतो: मासेवालीच्या टोपलीत आणि उसाच्या रसात. दोन्हीकडे डोळे दिपायचा धोका नाही. तरीही रोज संध्याकाळी, उजेड आहे तोवर, सुभेदार पडवीत घोंगडी अंथरतात, घोंगडीवर पंचा, पंच्यावर गॉगल, आणि इन्स्पेक्शन सुरू होतं. आधी पट्टा, मग फोम, मग हवेच्या फटींत कोळ्यानं बिऱ्हाड केलंय का ते. शेवटी काच. ती उजेडाकडे तिरकी धरायची, एक डोळा मिटायचा आणि श्वास रोखायचा. काचेवर तोंडाची वाफ मारून सदऱ्याच्या टोकानं पुसणं हा त्यांच्या कायद्यात कोर्टमार्शलचा गुन्हा आहे.

"आणि काच म्हणू नका," ते मला सुनावतात. "पॉलिकार्बोनेट आहे. दगड बसला तरी सहसा फुटायचं नाही, पण धुळीसकट पदरानं पुसलंत तर ओरखडा पडलाच म्हणून समजा."

म्हणून धूळ पुसायची नाही, वाहवायची. वरून पाण्याची बारीक धार सोडायची, कण निघून गेले की मऊ फडकं नुसतं टेकवायचं. आतल्या बाजूला तर हातच लावायचा नाही. तिथं वाफ धरू नये म्हणून पातळ लेप असतो. ओला असताना तो मऊ पडतो आणि बोट फिरवलं की बोटाबरोबर निघून येतो. आत पाणी गेलंच तर झटकायचं, टिपायचं, सावलीत वाळू द्यायचं. ऊन नको, चूल नको. नीट हिशेब केला तर या निगराणीतला मोठा भाग हात न लावण्याचा आहे. तासभर एखाद्या वस्तूला हात न लावण्यात इतका गढलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

याला कारण नाही असं नाही. 13 एप्रिल 1984 ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं आणि सियाचीनवर फौज बारमाही राहू लागली. पुढे काही वर्षांनी सुभेदारांची पलटणही तिथं चढली. ताज्या बर्फावरून अतिनील किरणं 80 टक्क्यांपर्यंत उलटी फिरतात; समुद्रकाठच्या कोरड्या वाळूवरून जेमतेम 15. शिवाय दर हजार मीटर चढलं की ही किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ऊन वरून येतं आणि खालूनही. "एका जवानानं वाफ धरली म्हणून गॉगल काढला," सुभेदार आवाज खाली आणून सांगतात. "संध्याकाळपर्यंत काय नाय. रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं. दोन दिवस पट्टी." तो जवान कोण, असं मी एकदा विचारलं. सुभेदार फोम तपासू लागले. आतून काकी म्हणाल्या, "कोण म्हंजे? समोर बसलाय तो."

असा गॉगल उसना मिळणं शक्य नव्हतं, तरी लोकांनी प्रयत्न सोडले नाहीत. राब भाजताना धुरासाठी काकींनी मागितला, शिमग्याला पोरांनी मागितला, एका नवरदेवानं वरातीपुरता मागितला. प्रत्येकाला कारणासहित नकार मिळाला. फक्त मनालीला निघालेल्या भाच्याला तो मिळाला, वहीत नोंद करून, सही घेऊन. परत आला तेव्हा ओरखडा नव्हता. पण भाच्यानं हौसेनं मोबाइलवर फोटो दाखवला आणि त्यात गॉगल कपाळावर होता. कपाळावर! कपाळाचा घाम फोममध्ये मुरतो, घामाची वाफ काचेत चढते, हे त्या पोराला निघताना दोनदा सांगितलं होतं. "मामा, फोटोपुरताच हो," भाचा म्हणाला. सुभेदार त्या रात्री जेवले नाहीत.

बर्फ मात्र या गॉगलचा खरा वैरी नव्हेच. खरा वैरी जूनमध्ये दक्षिणेकडून येतो आणि ऑक्टोबरपर्यंत मुक्काम करतो. आमच्याकडे पावसाळ्यात पट्ट्याला, चपलेला, पोरांच्या दप्तराला बुरशी येते. फोमचा भुगा व्हायला लागतो, इलॅस्टिक सैल पडतं. सुभेदारांनी त्यासाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा केला आहे. त्यात एमआयडीसीत कामाला असलेल्या भाच्यानं (तोच, प्रायश्चित्त म्हणून) आणून दिलेले सिलिका जेलचे निळे दाणे असतात. ओल शोषून ते गुलाबी झाले की चुलीच्या वैलावर तव्यात गरम करायचे, पुन्हा निळे होतात. "भाकरीच्या कालवणाला वैल मोकळा नाय," काकी म्हणतात, "ह्यांच्या दाण्यांना हाय."

थंडीत पेपरात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हिमकण पडल्याची बातमी येते, तेव्हा सुभेदारांच्या अंगात पलटण संचारते. पहाटे अंधारात आंबेनळी घाट चढून ते तिथं हजर. जीपच्या टपावर, गवतावर पांढरा थर असतो, पण अंधारात गॉगलचा उपयोग नाही, म्हणून ते उन्हाची वाट बघत उभे राहतात. ऊन येतं. सुभेदार गॉगल चढवतात. तोवर हिमकण गेलेले असतात. ही मोहीम दर साली निघते आणि दर साली फत्ते झाली असं जाहीर होतं, कारण परतल्यावर काच जशीच्या तशी असते. एकदा घाटात दाट धुकं लागलं तेव्हा मागे बसलेल्या मी विचारलंच, या गॉगलातून धुक्यापलीकडचं दिसतं का? "काचेवरचं धुकं माझ्याकडे," सुभेदार म्हणाले, "घाटातलं नाही."

त्यांच्या शास्त्राला आम्ही सगळे हसायचो, ते 22 जुलै 2021 पर्यंत. त्या दिवशी सावित्रीनं महाड बुडवलं. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल, आणि लोक हाताला लागेल त्या कापडानं चिखल पुसत सुटले. सुभेदारांची बहीण बाजारपेठेत राहते. हे तिथं पोचले आणि दारातूनच ओरडले, "पुसू नका! कुणी काही पुसू नका!" चष्मे, कपाटाचे आरसे, देवघरातल्या तसबिरींच्या काचा, सगळं त्यांनी अंगणात ओळीनं मांडलं आणि आधी नुसती पाण्याची धार, मग फडकं, असं स्वतः बसून धुतलं. शेजारचे येऊन बघू लागले, मग आपापले चष्मे घेऊन येऊ लागले. त्या गल्लीत बरेच चष्मे ओरखड्यांवाचून सुटले. रात्री सुभेदारांच्या बोटांची कातडी पाण्यानं पांढरी पडली होती. गॉगल त्यांनी नेला नव्हता. "चिखलाचं काय काम आहे त्याच्याकडे?" असं उलट मलाच विचारलं.

परवा नातवानं त्यांना मोबाइलवर एक चित्र दाखवलं. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचा जुना गॉगल: लाकडाची किंवा हाडाची पट्टी, तिला डोळ्यांसमोर एकेक बारीक चीर, बस. त्या चिरेतून येईल तेवढाच उजेड. काच नाही, म्हणून वाफ धरायची नाही, ओरखडा नाही, लेप नाही. सुभेदारांनी मोबाइल हातात घेतला, तिरका धरला, एक डोळा मिटून बराच वेळ बघितला.

"चांगला आहे," ते शेवटी म्हणाले. "पण मग हे लोक संध्याकाळी करतात काय?"

"बायकोशी बोलत असतील," काकी आतून म्हणाल्या.