उरेबा, तुझी वाकडी चाल आता पुरे!

सातपाटी, ता. जि. पालघर

उरेबा,

मायन्यात 'प्रिय' घालत नाही आणि नमस्कारही लिहीत नाही. चोराला नमस्कार करायची आमच्याकडे रीत नाही. पैशाला तू हात लावत नाहीस. तू चोरतोस तो बायकांचा वेळ, आणि तोही भर पावसाळ्यात, जेव्हा कुठे तो जरासा हाती लागतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर, पुरुषमंडळी जाळी दुरुस्त करायला बसलेली. एरवी मासळीच्या मागे धावणाऱ्या बाईला दुपारी शिलाई मशीनसमोर बसायची सवड मिळते ती याच दिवसांत. जुन्या सुती साड्या, खणाचे उरलेले तुकडे, शर्टांचे चांगले भाग असे सगळे बोचक्यातून बाहेर निघते. साधे चौकोन जोडून गोधडी कोणीही करते. पण लेकीच्या बाळंतपणासाठी गोधडी शिवायची म्हटली की नक्षी हवी, आणि नक्षी म्हटली की त्रिकोण आले. तिथेच तू दबा धरून बसलेला असतोस.

तुझा गुन्हा नीट मांडते, म्हणजे कांगावा करायला जागा राहणार नाही. कापडात उभा धागा असतो आणि आडवा धागा असतो. त्या दोन्ही दिशांनी ओढले तर कापड फारसे हलत नाही. चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापला, की जी तिरकी कड उघडी पडते, ती तू. तिथे धरून ठेवणारा सरळ धागाच नसतो. बोटाने उचलले तरी तू लांबतोस, मशीनच्या पायाखाली गेलास की लांबतोस, इस्त्री फिरवली की आणखी लांबतोस. आमच्या दमट हवेत तर तुला ऊतच येतो. सातपाटीच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. जाळ्याचा आस, म्हणजे त्यातले एक घर, समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरून ओढला की तो लांबोळका होतो. कडेला दोर बांधला की तेच जाळे मापात राहते. आधी बांधायचे आणि मग ओढायचे, हे शहाणपण दर्यावर रोज वापरणाऱ्या घरांत तू आम्हाला मशीनवर मात्र उलटे करायला लावलेस.

ते उलटे काम असे. आधी सगळे त्रिकोण कापून ढीग करायचा आणि मग तिरक्या कडेला तिरकी कड लावून एकेक शिवायचा. साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब गोधडीत दोन त्रिकोण जोडून केलेले तीन इंची दुरंगी चौकोन भरले तर सहाशे लागतात. म्हणजे बाराशे सुटे त्रिकोण, सहाशे शिलाया आणि बाराशे ठिकाणी तुला मोकळे रान. पुढे उसवा, पुन्हा शिवा. पापलेटाची नक्षी करून पाहा. २०२३ साली ज्याला राज्यमासा केले, तो हाच सातपाटीचा मान. चार दुरंगी चौकोनांचे धड, दोन चौकोनांची शेपटी, इतकी सोपी. पण एक कड दोन सूत लांबली की धडाचे टोक शिलाईखाली जाते, शेपटी भलतीकडे वळते आणि मासा तोंड वाकडे करून बघत बसतो. शिवणारीचा हात कच्चा, असा बोल मात्र बाईलाच लागतो. कोळणीच्या पाटीतल्या माशाला कोणी नाव ठेवू धजत नाही. तिच्या हातच्या माशाला तुझ्यापायी नावे ठेवली जातात!

आमच्याच जिल्ह्यात डहाणूकडे गंजाडला वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे झाले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून वारली चित्रातला माणूस उभा राहतो, नाचतो, भात लावतो. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्रिकोणात शिरायला तुला वाट नाही. म्हणजे दोष त्रिकोणाचा नव्हेच. दोष उघड्या तिरक्या कडेचा, आणि ती कड उघडी पडू न देण्याचे उपाय आहेत. ते इथे सगळ्यांसमोर लिहिते.

पहिला उपाय. कापडाला तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्यायची, वाळवून इस्त्री करायची, मगच कात्री लावायची. निम्मी मस्ती तिथेच उतरते.

दुसरा. दोन रंगांचे दोन चौकोन सुलट बाजू आत घेऊन एकावर एक ठेवायचे. हव्या त्या मापापेक्षा चौकोन सात सूत मोठा. घाईच्या हाताने पूर्ण इंच मोठा घ्यावा. कोपऱ्यातून कोपऱ्यात खडूने रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिलाई घालायची आणि मग रेघेवर कापायचे. दोन दुरंगी चौकोन तयार. तिरकी कड कापली जाते तेव्हा ती शिलाईने आधीच जखडलेली असते.

तिसरा खरा वेळ वाचवणारा. तीन इंची चौकोनांसाठी आठ इंचांचे दोन चौकोन घ्यायचे. दोन्ही कर्णांच्या रेघा मारायच्या, प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवायचे. मग आधी मधोमध उभे आणि आडवे कापायचे, शेवटी कर्णांवर. चार शिलायांत आठ चौकोन! सहाशे चौकोनांना पंचाहत्तर जोड्या आणि तीनशे शिलाया पुरतात. जोड्या एकामागून एक मशीनखाली सरकवायच्या, मध्ये दोरा तोडायचा नाही. माळ झाली की शेवटी सुटी करायची. शिलाई गडद रंगाकडे वळवून इस्त्री दाबायची आणि उचलायची, घासायची नाही. जाड पुठ्ठ्याचा साडेतीन इंची चौकोन कापून त्यावर कर्ण काढायचा, तो कर्ण शिलाईवर बसवून बाहेर राहिलेले कान छाटायचे. वरचा पाव-पाव इंच पुढच्या जोडणीची माया. मासा सरळ पोहतो.

तुझा एक हस्तकही सांगते, कारण तो मदतीचे सोंग घेऊन येतो. दोन चौकोन चारही बाजूंनी शिवायचे आणि दोन्ही कर्णांवर कापायचे, की एका झटक्यात चार तुकडे हाती येतात. वेळ वाचल्यासारखा वाटतो. पण त्या चारही तुकड्यांच्या बाहेरच्या सगळ्या कडा तिरक्या निघतात. म्हणजे पुढच्या दाराने हाकललेला तू मागच्या दाराने घरात. घाई आहे म्हणून ही युक्ती कोणी धरू नये.

शिवाय तिरक्या कात्रीविनाही त्रिकोण होतो. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका गोधडीच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी फूल लावतात. चौकोन दुमडला, पुन्हा दुमडला, बसवला. तिरकी कात्रीच लागली नाही, तर उघडा पडायला तू आहेसच कुठे?

तुला कामच नाही असे मी म्हणत नाही. ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावावी तर तुझीच. सरळ पट्टी गोलाईवर बसत नाही. पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी १९२०च्या दशकात तुझ्या ताणण्यावरच अंगासरसे बसणारे पोशाख उभे केले. गळ्यावर राहा, पायपिंगमध्ये राहा. गोधडीच्या जोडणीत तुला जागा नाही.

हा वेळ आम्हाला कशाला हवा, तेही ऐक. जोडणी ही गोधडीची फक्त तोंडओळख. तिचा जीव आहे धावदोऱ्यात, थरांना थर धरून ठेवणाऱ्या हातटाक्यांत. तिथे घाई चालत नाही आणि मी करू देणारही नाही. टाका दाट असेल तर गोधडी वर्षानुवर्षे धुतली तरी टिकते. तुझ्यापायी उसवण्यात गेलेल्या दुपारी आम्ही त्या टाक्यांतून कापल्या, टाके लांब घातले आणि गोधड्या लवकर विरल्या. खरी चोरी ती. यापुढे एकही दुपार तुला मिळणार नाही. ती सगळी टाक्यांना जाईल.

आधी शिवून मग कापणारी,
सातपाटीची एक गोधडीवाली