रिकामा कासरा

भाच्याने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर लाल गाडी. "मामा, सहा गिअरची हाय. अशी आता नवीन भेटत नाही."

गाडी स्कोडाची लॉरा आरएस. 2012 चं मॉडेल, एमएच 12 पासिंग, पेट्रोल, 1.8 लिटर टर्बो इंजिन, 160 पीएस ताकद. मालक पुण्याचा. मागणी चार लाख सत्तर हजार. भाच्याचं वय सव्वीस, धंदा मोटारपंप दुरुस्तीचा, पत्ता फुलसावंगी, तालुका महागाव.

ओसरीवर बसलेल्या चौघांनी लगेच निकाल दिला. "पोरगं वाया गेलं." त्यांतल्या दोघांनी मागच्या उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवात आणि डीजेत एवढेच पैसे तीन दिवसांत उडवले. मांडव दुसऱ्या दिवशी सुटला. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. स्वतःच्या कमाईतून पोराला एक यंत्र हवंय, तर तो मात्र उधळ्या! हा न्याय मला मान्य नाही.

पोरगं म्हणत होतं ते खरंच आहे. औरंगाबादच्या शेंद्र्यात 2001 साली स्कोडाच्या गाड्या जुळवायला सुरुवात झाली. 2004 मध्ये पहिली ऑक्टाव्हिया आरएस आली, 150 पीएसची, हाताने गिअर टाकायची. 2011 मध्ये लॉरा आरएस आली, तीही हाताच्या गिअरची. 2017 मध्ये पुन्हा ऑक्टाव्हिया आरएस आली तेव्हा क्लचचं पेडल गायब झालं होतं, गाडी फक्त ऑटोमॅटिक. फोक्सवॅगनने 2016 मध्ये पोलो जीटीआय आणली, तिचीही तीच गत. म्हणजे ज्याला आरएस हवी आणि गिअर स्वतःच्या हाताने टाकायचाय, त्याला जुन्या बाजारातच जावं लागतं. चार दारांच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, हा वाद शहरवाल्यांनी घालावा. आमच्याकडे तिला स्पोर्ट्स कारच म्हणतात.

तेव्हा घ्यावी का, याला माझं उत्तर 'नको' नाही. माझा प्रश्न एवढाच, की घेणार कशी?

भाच्याचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, कोपऱ्यात सुपारी कातरत होते. त्यांनी एकच विचारलं, "जुंपून पाह्यली काय?"

आमच्या भागात बैल कसा घेतात ते ज्याने पाहिलंय त्याला हा प्रश्न लगेच कळेल. जबडा उघडून दात मोजतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. खुराला हात लावतात, खांद्यावरची जुनी जखम चाचपतात, चालवून पाहतात, मग जुंपून पाहतात. शिंगांचा रंग आणि गळ्यातली घुंगरमाळ कोणी विचारात घेत नाही. विकणारा बैल सजवूनच आणणार, हे सगळ्यांना माहीत असतं. तोच माणूस गाडी घ्यायला निघाला की फोटो पाहून टोकन पाठवतो. सीटकव्हर पाहतो, म्युझिक सिस्टिम पाहतो, सायलेन्सरचा आवाज ऐकतो. म्हणजे घुंगरमाळ पाहतो आणि जबडा उघडत नाही.

या गावात हे लिहिताना हात जड होतो. ऑगस्ट 2021 मध्ये याच फुलसावंगीतला वेल्डिंगचं काम करणारा एक तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. मारुती 800 चं इंजिन बसवून त्याने ते उभं केलं होतं. चाचणीत पातं तुटलं आणि त्याला लागलं. देशभर बातमी झाली. दोन दिवस सगळे हळहळले आणि विसरले. गाव विसरलेलं नाही. त्या पोराची यंत्राची ओढ अस्सल होती. अशा धडपडीपाशी वेळेवर एखादा जाणता हात पोहोचायला हवा होता. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. इथल्या पोरांच्या हौसेला हसू नका. तिच्या सोबत जा आणि नटबोल्ट तपासा.

मग आम्ही पुण्याला गेलो. भाचा, मी आणि पुसदचे एक मिस्त्री. पदरचे पैसे घालून मिस्त्री सोबत नेला, यालाही घरात नाकं मुरडली गेली. पावणेपाच लाखांची वस्तू घेताना जाणत्याची दोन दिवसांची मजुरी ज्याला जड वाटते, त्याने गाडीच्या वाटेला जाऊ नये.

सकाळी आठला पोहोचलो. गाडी आरशासारखी चमकत होती. मिस्त्रीने रंगाकडे पाहिलंही नाही. सरळ बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बॉनेट गरम होतं. आम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली होती.

ही गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्यांदा चालू होतं तेव्हाच खरं बोलतं. गरम इंजिन पढवलेल्या साक्षीदारासारखं असतं.

बाकीची तपासणी सुरू झाली. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन बंद पडलं. क्लच धड असेल तर बंद पडलंच पाहिजे. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं असतं तर क्लचप्लेट संपली असं समजायचं. चालवताना तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना गिअर किंचित खरखरला. मिस्त्री म्हणाले, "कोणीतरी हिला रागाने चालवलंय." गिअरच्या गाडीत मागच्या मालकाचा स्वभाव गिअरबॉक्समध्ये उतरलेला असतो, तो पॉलिशने जात नाही.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तीन टायर एका वर्षाचे निघाले आणि चौथा तिसऱ्याच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. पुरात बुडालेली गाडी धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. ती नव्हती, बरं वाटलं. मीटरवर किलोमीटर कमी होते, पण क्लचपेडलचं रबर गुळगुळीत झालं होतं आणि गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसले होते. मीटर मागे फिरवता येतं. रबराची झीज कोणाला मागे फिरवता येत नाही.

मालकाला सांगितलं, उद्या पहाटे येतो, तोवर गाडीला हात लावू नका. त्याने तोंड वाकडं केलं. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे," म्हणाला. हे वाक्य कानावर पडलं की आपण पाऊल मागे घ्यावं. घाईचा सौदा नेहमी विकणाऱ्याच्या सोयीचा असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे बॉनेट गार होतं. भाच्याने चावी फिरवली. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट तीन-चार सेकंद झाला आणि थांबला. त्या तीन-चार सेकंदांसाठी आम्ही पुण्यात रात्र काढली होती. हे इंजिन टायमिंग चेनवर चालतं. चेनला ताण देणारा टेन्शनर आणि ऑइल पिण्याची खोड, ही या पिढीच्या 1.8 टीएसआय इंजिनाची जगभर माहीत असलेली दुखणी आहेत. चेन घसरली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात आणि अख्खं इंजिन उघडावं लागतं. विकणारा म्हणाला, "सगळ्याच करतात असा आवाज." सगळ्याच करत असतील. पैसे मात्र एकाच्याच खिशातून जाणार होते.

आता कागदाचं. इथे आपली माणसं सर्वांत जास्त फसतात.

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. स्वस्ताई पाहून उडी घेणाऱ्याला फॉर्म 28 ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स नंतर आठवतो. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म 35 देऊन आरसीवरची कर्जाची नोंद उतरवून घ्या. फॉर्म 29 आणि 30 वर फक्त सह्या घेऊन ते कपाटात ठेवू नका. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साफ सांगितलं की, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, मग गाडी मधल्या काळात कितीही हात फिरलेली असो. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांत आपल्या नावे करायला अर्ज द्यायचा असतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी, गाडीच्या पत्र्यावर पाहा. मोबाइलवरच्या फोटोत नको. डीसी अवंती आठवते? 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत मिरवलेली, आपल्या देशाची स्पोर्ट्स कार म्हणून गाजलेली, सहा गिअरची. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने त्या गाडीच्या प्रकरणात कारवाई केली. एकाच इंजिन आणि चासी क्रमांकावर एकाहून जास्त नोंदण्या झाल्याचा आरोप होता. एवढ्या नावाजलेल्या गाडीवर असा आरोप होऊ शकतो, तर अनोळखी माणसाच्या आरसी बुकावर डोळे मिटून विश्वास कशाला?

आणि किंमत म्हणजे खर्च नव्हे. 2002 मध्ये सचिन तेंडुलकरने ब्रॅडमन यांच्या 29 शतकांशी बरोबरी केली म्हणून त्याला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. चावी दिली ती मायकेल शूमाकरने. गाडी भेट होती, पण तिच्यावरच्या 1 कोटी 13 लाखांच्या आयात शुल्काची माफी वादात सापडली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर ते शुल्क फियाटने भरलं. 2011 मध्ये ती गाडी सुरतेला विकली गेली. फुकट आलेल्या गाडीमागे एवढा खर्च उभा राहतो, तर विकत घेतलेल्या गाडीमागे राहणारच.

आम्ही गाडीतच बसून हिशेब मांडला. चेन, टेन्शनर, क्लच, चार टायर. 2027 मध्ये गाडी पंधरा वर्षांची होणार, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणाचे 5,000 रुपये आणि वर पर्यावरण कर. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी, म्हणून हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, 2012 ची गाडी त्यासाठी बनलेली नाही, म्हणजे रबरी नळ्या आणि सील यांच्यावर नजर ठेवणं आलं. ऊस आपल्याच पट्ट्यात पिकतो, पण गाडीच्या नळ्या त्याचा विचार करत नाहीत.

त्यात आमचे रस्ते. महागावहून जाणारा 361 चा महामार्ग झकास आहे, पण घर महामार्गावर नाही. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. गतिरोधक दहा सेंटिमीटर उंचीचा असावा असा नियम आहे. गावोगावी तो ज्याच्या घरासमोर असतो त्याच्या मर्जीने उंच होतो. गाडीचं पोट घासतं ते तिथे.

आणि 361 झकास आहे म्हणून तिथे शर्यत लावायची असेल, रील काढायची असेल, तर ही गाडी घेऊच नका. त्याच रस्त्याने शेतकरी कापसाची गाडी नेतो, म्हातारी शेळ्या नेते. हाताच्या गिअरची मजा वळणावर, योग्य वेळी, योग्य गिअर टाकण्यात आहे. ती साठच्या वेगातही मिळते. ज्याला ती साठला मिळत नाही त्याला एकशे साठलाही मिळणार नाही.

तर माझा निकाल असा. गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत असेल, जाणता मिस्त्री तासाभराच्या अंतरावर असेल आणि नावावर झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही एवढा दम असेल, तर जरूर घ्या. उरलेलं जग काय म्हणतं ते ऐकू नका. यातलं एक जरी नसेल तर थांबा. थांबणं म्हणजे स्वप्न सोडणं नव्हे.

भाच्याने चावी परत दिली. लाल गाडीकडे एकदा वळून पाहिलं. परतीच्या एसटीत उमरखेडपर्यंत तो गप्प होता. मग वहीत त्याने लिहिलं: थंड इंजिन, दुसरा गिअर, पेडलचं रबर, चासी नंबर. पुढच्या गाडीसाठी.

घरी पोहोचलो तर ओसरीवर तेच चौघे. "काय, रिकामाच आला?"

पोराने मान खाली घातली. भाऊजींनी सुपारीचा अडकित्ता बाजूला ठेवला.

"मी तीन बाजार रिकामा कासरा घेऊन आलो होतो," ते म्हणाले. "चौथ्या बाजारात घेतलेल्या जोडीने बारा वर्षं वावर वाहिलं. जा, हातपाय धू. जेवण वाढलंय."