स्वखुशीचा राजीनामा

हिंजवडीत हल्ली कुणाला नोकरीवरून काढत नाहीत. लोक आपणहून जातात. एचआरच्या खोलीत बोलावणे येते. टेबलावर राजीनामा टाइप करून तयार, शेजारी पेनही. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे कारणसुद्धा कंपनीनेच सुचवलेले. तेवढाच कर्मचाऱ्याच्या डोक्याला ताप कमी. सही वाळते न वाळते तोच लॅपटॉप आणि गेटचे कार्ड दोन्ही बंद.

एवढी लगबग कशासाठी? वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपातीत काढले, तर महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, हे कायद्यानेच ठरवून दिलेले. राजीनामा दिला की तो हिशेबच मिटला!

बदल्यात ‘सद्भावना पॅकेज’ मिळते. त्यात काय? पाच वर्षांच्या नोकरीनंतर कायद्याने मिळायचीच ती ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे. आमचेच आम्हाला, वर उपकार! खाली बारीक अक्षरांत ‘यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’, त्यावरही सही.

ग्रॅच्युइटी द्यायला कायद्याने कंपनीला ३० दिवसांची मुदत आहे. स्वखुशी व्हायला कर्मचाऱ्याला अर्धा तास.